जंगलात घेतलेलं नाव

वाघ बघायला उद्या जाताय ना? जा की. मी कुठे अडवतोय? फक्त तो गॅलरीतला दिवा घालवा आणि जवळ सरका, म्हणजे मला घसा ताणायला नको. मी एरवी थापा मारतो हे तुमच्या काकूने सांगितलंच असेल. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या साडूची आहे, आणि यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

साडू चष्म्याच्या दुकानात असतो. लोकांचे नंबर काढण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे डोळ्यांना दिसलं तेवढंच खरं, असा खाक्या. गेल्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, बायको आणि पहिलीतल्या चिमीला घेऊन तो दुपारच्या सफारीला गेला. उघडी जीप, पिकल्या मिशांचा ड्रायव्हर. फाटकापाशी त्याने नियम सांगितले. उभं राहायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. काही झालं तरी खाली उतरायचं नाही.

"वाघाला आख्खी गाडी म्हणजे एकच मोठं जनावर वाटतं. उतरलात की तुम्ही त्याला वेगळे दिसता. आणि कुणाला नावाने हाक मारू नका. थोपटा, चिमटा काढा, पण नाव नको."

"का हो? वाघ पत्ता शोधत घरी येतो?" साडूने विचारलं.

ड्रायव्हर हसला नाही. "वाघाचं नाही म्हणत मी, साहेब."

ऊन कलल्यावर पाणवठ्याशी वाघ दिसला. चिमी टुणकन सीटवर चढली आणि कंबरेपर्यंत बाहेर वाकली. बापाचं काळीज ते, नियम कुठला आठवतोय!

"चिमे! चिमे, बस खाली! चिमे!"

वाघाने मान वळवली, गाडीकडे पाहिलं आणि तो गवतात शिरला. त्याच्यामागचं गवत मात्र बराच वेळ हलत राहिलं. ड्रायव्हरने मुकाट्याने गाडी वळवली.

परतताना कोरड्या ओढ्यात एक्सल तुटला. बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे गेलेल्या. मोबाइलला रेंज नाही. "फाटकावर एक गाडी कमी भरली की येतील शोधायला," ड्रायव्हर म्हणाला. "तोवर ही गाडी म्हणजे घर. उंबरा ओलांडायचा नाही." बघता बघता अंधारलं. चंद्र उशिरा उगवणार होता. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर शालीत गुरफटून झोपलेली चिमी.

"बाबा..."

आवाज गवतातून आला.

साडूने मागे हात नेला. शालीतलं अंग ऊबदार होतं. श्वास चालू होता.

"अहो," बायको पुटपुटली, "ही इथे आहे. माझ्या मांडीवर."

"बाबा, मी पडले. गाडी हलली तेव्हा."

मोबाइलच्या उजेडात साडूने शाल बाजूला केली. चिमीच. तोच चेहरा. त्याने गाल थोपटले. खांदे हलवले. पोर उठेना.

"ती मी नाही, बाबा."

डोळे म्हणत होते, ही. कान म्हणत होते, ती. आणि पोटची पोर एकच.

"साहेब, ऐकू नका," ड्रायव्हर म्हणाला.

"तुमची असती तर?"

तेवढ्यात वास आला. उग्र, ओल्या जनावराचा. ओढ्याच्या काठावर सुकं पान मोडलं. मग एक घोगरी गुरगुर... इतकी खालच्या पट्टीतली, की जीपचा पत्रा थरथरला.

"बाबा, तो आला."

साडूने कठड्यावरून पाय टाकला. ड्रायव्हरने कॉलर धरली, बायकोने शर्ट धरला. "एवढीच आहे हो आपली! हिला टाकून चाललात?"

"आणि आपली ती असली तर? बाहेरची असली तर?"

बायकोने शाल छातीशी आणखी आवळली.

"बाबा..."

अगदी चाकाजवळ.

"बाबा, ये ना..."

साडू रडत होता. हुंदका बाहेर पडू नये म्हणून स्वतःची मूठ चावत होता. एक पाय आत. एक बाहेर.

मग आवाज थांबला.

किंकाळी नाही. झटापट नाही. काही नाही. चिमुकल्या गळ्यातली ती किंकाळी ऐकायला तो कान देऊन बसला. ती आलीच नाही. ते जास्त वाईट होतं, असं तो म्हणतो.

किती वेळ गेला देव जाणे. लांबून दिवे आले. फाटकावरची गाडी. तो उजेड तोंडावर पडला तशी मांडीवरची चिमी उठून बसली, डोळे चोळत म्हणाली, "आलं घर?" बायकोने तिला इतकं घट्ट धरलं, की पोर कळवळली. ड्रायव्हरने पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं.

आलेल्या माणसांनी बॅटऱ्या खाली मारल्या. धुळीत जीपभोवती पंजे उमटले होते, ताटाएवढे. एक आख्खी फेरी, मग सरळ गवताकडे. त्या पंज्यांना लागून लहान मुलाच्या अनवाणी पावलांचे ठसे. पळालेले नाहीत. फरपटलेले नाहीत. वाघाच्या बरोबरीने, रमतगमत चाललेले.

साडूने चिमीचे पाय पाहिले. बूट पायातच. नाड्या बांधलेल्या.

मग ड्रायव्हरने बॅटरी उलट्या दिशेने फिरवली. ती पावलं आली कुठून, ते बघायला.

गवतातून येणारं एकही पाऊल नव्हतं. सगळी जाणारीच. आणि पहिलं पाऊल उमटलं होतं जीपच्या मागच्या पायरीखाली... बायको बसली होती, बरोब्बर तिथे.