चौथं मडकं

विहिरीचं पाणी मडक्यातून झिरपलं, आणि जसं ओतलं तसंच गढूळ बादलीत पडलं.

"तिसरं मडकं वाया," योगिता म्हणाली. तिला रडूच येत होतं. तिचा धाकटा भाऊ राम या पाण्याने महिन्याभरात दोनदा जुलाबाने आडवा झाला होता. मातीत बारीक भुसा मळायचा, भट्टीत तो जळतो, त्या जागी इवलीशी छिद्रं राहतात आणि पाणी गाळून निघतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. विकतचा फिल्टर कुठला परवडायला! पण सुट्टी संपत आली होती आणि त्याआधी मडकी घडवून देणाऱ्या सिदूकाका कुंभारांची एकच भट्टी लागायची उरली होती.

तिच्या वर्गातल्या भागवतने चिडून मडकं आपटलं. मैत्रीण उज्ज्वलाने एक खापरी उचलली.

"आपण भुसा कशातून चाळलाय?"

"आईच्या ओढणीतून. अजून हात दुखायलेत," योगिता म्हणाली.

"मग ही छिद्रं काडीएवढी लांब कावून हायत?"

ओढणीतून काडी जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे नंतर कुणीतरी काहीतरी घातलं होतं.

तिघांनी भुशाच्या मातीचे दोन गोळे केले. एक योगिताच्या घरी ओल्या पोत्याखाली लपवला, दुसरा नेहमीसारखा सिदूकाकांच्या अंगणात ठेवला आणि कडब्याच्या गंजीआड दबा धरला. ऊन भाजत होतं, कडबा टोचत होता, आणि तासभर काहीच घडेना.

मग सिदूकाका गुणगुणत आले. पाटीतली मूठभर काड्याकाड्यांची गाढवाची लीद उचलून त्यांनी गोळ्यात मळून टाकली.

"काका, तुमीच?" योगिता धावली.

"म्या काय केलं? लीद न्हाई घातली तर मडकं तडकतं, पोरी."

"आमी भुसा घातलता की! तीनदा सांगितलं तुमाला."

"सांगितलं असंल. हात ऐकतो का?"

योगिताने लपवलेला गोळा आणला. काका चाकावर बसले, तेव्हा भागवत लिदीची पाटी कवटाळून लांब उभा राहिला. तरी काकांचा हात दोनदा तिकडे वळलाच.

मडकं वाळलं, भाजलं. पाणी ओतलं. बराच वेळ काहीच नाही.

"आता तर पारच बंद," भागवत कुरकुरला.

तेवढ्यात थेंब पडला. मग दुसरा. दोन्ही नितळ. योगिताची आई, कडूबाई, बादलीच्या तळाकडे बघत राहिली. ते पाणी उकळून, गार करून तिने रामला दिलं.

सिदूकाका खापरी हातात फिरवत होते. "चाळीस वर्सं मडकी घडवली, पोरांनो. फुटल्यावर आत डोकावलो न्हाई कधी. लई हुशार हाव तुमी. आणा पुढचा गोळा."

चाकाकडे जाता जाता ते थांबले.

"आन् भागवत, ती पाटी आधी तुझ्या घरी ने."