ढवळ्याला दिसले, त्याला नाही

आधी माझ्या पाटीत शिरलं ते बैलाचं तोंड! पनवेलच्या बाजारात मी नेऱ्याहून आणलेली लाल माठाची भाजी मांडत होते, तोच एका पांढऱ्या बैलानं एका घासात दोन जुड्या उचलल्या. मी ओरडले. मिठाच्या गोणी लादलेल्या छकड्यावरून एकजण उडी मारून खाली आला... आणि हसायलाच लागला.

"आवरा ना बैलाला!"

"ढवळ्याला चव कळते."

"आन् तुमाला?"

"मना? पाला शेरडं खातात. आमी भात न् सुकट खातो."

"मंग बैलच शाना म्हनायचा."

तो अजूनच हसला. भरपाई म्हणून त्यानं ओंजळभर मीठ माझ्या पदरात टाकलं. नाव जगन, गाव कामोठे, काम मिठागरावर. हे मी विचारलं नव्हतं, पण लक्षात मात्र ठेवलं.

मग दर बाजाराला ढवळ्या माझ्यापुढं येऊन थांबे. त्याला थांबवत कोण होतं, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी एक जुडी ढवळ्याला द्यायची, एक जगनपुढं धरायची. तो हात मागं घ्यायचा. "आयनं बघितलं तर मना शेरडांत बांधंल."

फाल्गुनात मी कामोठ्याला आत्याकडं गेले. गेले म्हणजे... हट्टानं गेले. दिवस मावळताना वाटेवरच्या चिंचेखाली उभी राहिले. केसांत अबोलीचा गजरा, आणि छाती अशी धडधडत होती की विचारू नका. छकडा आला. ढवळ्या थांबला, त्यानं माझ्याकडं मान वळवली. जगननंही पाहिलं — सरळ माझ्याकडं, दहा हातांवरून — आणि कासरा ओढला.

"चल रे. कोन नाय हितं."

मी गजरा ओढून काढला आणि आत्याच्या घरी पोचेपर्यंत रडले.

पुढच्या बाजाराला ढवळ्या आला, तर मी पाटी बाजूला ओढली.

"भामा, काय झालं गं?"

"कोन भामा? कोन नाय हितं."

त्याचा चेहरा उतरला. "चिंचेखाली... तू व्हतीस?"

"ढवळ्याला दिसले. तुमालाच नाय."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "दिवस मावळला की मना दिसत नाय, भामा. दोन महिनं झालं. ढवळ्याच घरी नेतो. तुज्या बापाकडं मागनं घालायचं व्हतं... आता नाय घालत. आंधळ्याचा हात धरून तू जनमभर चालनार?"

माझा राग पळाला. पाटी तशीच उचलली आणि त्याला राफेल डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी डोळे तपासले. "रोज काय जेवतोस?"

"भात. सुकट."

"आणि भाजी?"

"भाजी याचा बैल खातो," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "रातांधळेपणा आहे. पण उशीर झालेला नाही, डोळे सुधारतील." इतका वेळ धरलेली पाटी मी खाली ठेवली. "माशाच्या तेलाची बाटली देतो. पण जेवण बदललं नाहीस, तर पुन्हा हेच होईल. माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा — यांतलं काहीतरी रोज ताटात हवं, तेलाच्या फोडणीचं. डोळ्यांना लागतं ते त्यात असतं. आणि एकट्याच्या नाही, घरातल्या सगळ्यांच्या ताटात." मग माझ्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "औषध तर हिनं बरोबरच आणलंय."

आत्याला घेऊन मी जगनच्या घरी गेले. त्याची आई, सखूबाई, पाटी पाहूनच उसळली. "माज्या चुलीवर पाला?"

मी वाद घातला नाही. माठ चिरला, तेलात भरपूर लसूण टाकला, आणि वर तिचीच सुकट घातली. घरभर वास सुटला. जगनच्या बापानं पुन्हा भात मागितला, मग पुन्हा एकदा. सखूबाईनं पातेलं बोटानं पुसून चाखलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या जास्ती आन."

तीन आठवडे मी देवाला काय काय बोलले, ते देवालाच माहीत. चौथ्या आठवड्यात तसाच गजरा माळून पुन्हा त्याच चिंचेखाली उभी राहिले, अंधारून येताना. पाटीत एकच जुडी उरली होती. हाक मारायची नाही, असं ठरवलं होतं.

छकडा वळणावर आला... आणि ढवळ्यानं मान वळवायच्या आधीच जगन उभा राहिला.

"भामा! गजरा अबोलीचाच ना?"

मी नुसती मान हलवली.

"आन् रडतेस कशाला?" तो उडी मारून जवळ आला. "ते पन दिसतंय मना."

"दिसू दे," मी म्हणाले. "सगळं दिसू दे."

"उद्या आय येते नेऱ्याला. तुज्या बापाकडं... मागनं घेऊन." तो अडखळला. "चालंल?"

मी उरलेली जुडी त्याच्यापुढं धरली. या वेळी त्यानं हात मागं घेतला नाही. ढवळ्या मात्र माझ्याकडं बघतच राहिला.