घरी काय झालं?

मोठा दिवा नको. कोपऱ्यातला आहे तेवढा पुरे. आणि मधे कुणी बोलायचं नाही.

आपला वायरमन माहीत आहे ना? चालू मीटरमध्ये हात घालून वर विड्या ओढणारा. भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. गेल्या डिसेंबरची सतरा तारीख, बुधवार, तिथपर्यंत.

त्याच्या घरात एक आत्या आहे. वडिलांची चुलत बहीण, ऐंशी कधीच ओलांडलेली. ती आईच्या पोटात असताना तिचा बाप दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला, मालट्रकवर ड्रायव्हर म्हणून. तो परत आलाच नाही. वायरमनने हौसेने घराण्याची वंशावळ काढायला घेतली, तेव्हा बाकी सगळ्या फांद्या भरल्या. या एका नावापाशी गाडी अडली. आत्या म्हणाली, "मी आता पिकलं पान. माझा बाप कुठं गेला, कसा गेला, एवढं कळू दे. मग मी डोळे मिटायला मोकळी."

वायरमनने ते मनावर घेतलं. फौजेच्या कचेरीत खेटे घातले, म्हाताऱ्या लोकांच्या ओट्यांवर चकरा मारल्या. शेवटी नदीपलीकडच्या गावातल्या एका सुताराचा पत्ता लागला. सुताराचे वडील आणि आत्याचे वडील एकाच ट्रकवर होते.

त्या बुधवारी काम आटोपून वायरमन स्कूटरवर तिकडे गेला. सुतारानं रंधा बाजूला ठेवला, मांडीवरचा भुसा झटकला.

"बाबा सांगायचे तसं सांगतो. बॉम्बचा तुकडा त्यांच्या पोटात बसला. बाबांनी त्यांना ट्रकच्या मागं आडवं केलं आणि दवाखान्याकडं गाडी हाणली. रात्रभर मागून एकच विचारणं. घरी काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मग तुमचे बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पत्र कुठं आलं होतं? पहाटे आवाज थांबला." सुतारानं रंधा पुन्हा हातात घेतला. "म्हातारपणी बाबा झोपेत उत्तरं द्यायचे. कधी मुलगा म्हणायचे. कधी मुलगी."

वायरमन निघाला तेव्हा दहा वाजत आले होते. चंद्र नव्हता. थंडी मी म्हणत होती. पूल ओलांडला आणि स्कूटर बंद पडली. किक मारून मारून पाय भरून आला, पण इंजिन काही दाद देईना. मग उतरून ढकलत निघाला. दोन्ही बाजूंना शेतं. चिटपाखरू नाही.

थोड्या वेळानं स्कूटर जड झाली.

चाकातली हवा गेली असेल म्हणून त्यानं वाकून दाबून पाहिलं. हवा होती. पुन्हा ढकलली. आणखी जड. रस्ता तर उताराचा.

मागच्या सीटवर कुणी बसल्यासारखं...

"घरी काय झालं?"

आवाज दमलेला होता. मागच्या सीटच्या उंचीवरून आलेला.

वायरमनची मान वळली नाही. तो ढकलत राहिला.  

"घरी काय झालं?"

त्यानं पाऊल उचललं. टाकलं. उचललं.

"मुलगा... की मुलगी?"

सुताराचा बाप गप्प राहिला होता. म्हणून हा अजून विचारतोय. वायरमनच्या डोक्यात एवढंच आलं, आणि तोंडून निघून गेलं.

"मुलगी."

 मग मागे एक लांब श्वास. ओढलेला. सोडलेला नाही.

"कुठं आहे?"

इथं जिभेला आवर घालायचा. पण भेदरलेला माणूस...

"आमच्याकडं. पुढच्या खोलीत झोपते."

स्कूटर हलकी झाली. इतकी एकदम, की तो तोंडावर आपटता आपटता वाचला. रस्त्यावर पावलं वाजली. मागं जाणारी नव्हेत. पुढं. गावाकडं. पळत.

आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

त्यानं किक मारली. पहिल्याच किकेला इंजिन सुरू. दिव्याच्या उजेडात रस्ता रिकामा.

घरी पोचून त्यानं दार बडवलं. बायकोनं उघडलं, ती वैतागलेली.

"आता तरी आत येणार ना? मघाशी ठोकलंत, मी उघडलं, तर कुणी नाही. ही काय थट्टा?"

"मघाशी... तू दार उघडलंस?"

"उघडलं की. गल्लीत डोकावून पाहिलं, आणि लावून घेतलं."

तो पुढच्या खोलीत धावला. आत्या गाढ झोपली होती. त्यानं तीनतीनदा तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास चालू होता. बायको मागून आली, पलंगाकडं बघत उभी राहिली. हळूच म्हणाली, "हे ब्लँकेट... मी असं नाही घातलं."

रात्रभर दोघं दिवा लावून उंबऱ्यात बसून राहिली.

सकाळी आत्यानं पडल्या पडल्या डोळे उघडले. वायरमन तिच्याजवळ बसला. "आत्या, तुझ्या वडिलांचं कळलं गं..."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "किती दमले होते रे."

बस्स. त्यावर पुढं एक शब्द नाही. आजतागायत नाही.

मी सतरा वर्षं फौजेत काढलेली, म्हणून त्याच सकाळी मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा आत्या अजून त्या ब्लँकेटखालीच होती. चारही कोपऱ्यांना तिरकी घडी, गादीखाली ताणून खोचलेली. वर सुरकुती नाही. साहेब बराक तपासायला येणार असले की आम्ही पलंग असेच लावायचो. पण रिकामे पलंग.

आत माणूस झोपलेलं असताना... त्याला न हलवता... असे कोपरे घालणारा मी अजून पाहिलेला नाही.