ओढणीखालचं ऊन

पौषातल्या त्या दुपारी मृगजळात एक मोटारसायकल भलतीकडेच निघालेली रूडीला दिसली. तिने हातातलं दंताळं मिठात टाकलं, झोपडीतून आरसा आणला आणि उन्हाचा एक कवडसा त्या दिशेने सोडला. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या आगरियांची ही जुनी रीत... एक कवडसा म्हणजे ‘इकडे ये’, दोन म्हणजे ‘आलो’. गाडी वळली.

तो पाटडीच्या दुकानातला सोलर मिस्त्री निघाला, देवशी. खारं पाणी उपसणाऱ्या पंपाची पॅनेलं तपासायला आला होता. त्याने पॅनेलच्या तारांची दोन टोकं सुटी केली, मीटरची लाल तार दहा अँपिअरच्या भोकात खोचली आणि सुया टोकांना लावल्या. आकडा आला आठ. रूडी बघायला पुढे वाकली, तसा तो घसरून तीनवर आला.

“रूडीबेन, जरा सरका,” तो म्हणाला. “खालची एक ओळ सावलीत गेली की सगळं पॅनेल रुसतं.”

“एवढ्याशा सावलीनं?”

“सावली कोणाची, त्यावर आहे...”

रूडी सरकली खरी, पण मन तिथेच राहिलं. चहा देताना त्याला ‘देवशीभाई’ म्हणायचं तिने मोठ्या शिताफीने टाळलं.

नको ती विद्या माणूस पटकन शिकतो. आठ दिवसांनी तिने खाऱ्या पाण्यात भिजवलेली ओढणी एका पॅनेलच्या तळाशी अंथरली. पंप दमला. वजुबापांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, दुकानात तक्रार केली. दूर धूळ दिसली की ओढणी खांद्यावर! देवशी मापायचा, आकडा आठ यायचा, मग निवांत चहा व्हायचा. दुसऱ्या खेपेला त्याच्या बोलण्यातलं ‘बेन’ गळालं. तिसऱ्या खेपेला त्याने सुया तिच्या हातात दिल्या, तेव्हा बोटांना बोटं लागली आणि आकडा किती आला ते दोघांनीही पाहिलं नाही.

चौथ्या खेपेला मात्र त्याने चहा नको म्हटलं.

“ही शेवटची फेरी. एकाच पॅनेलच्या इतक्या तक्रारी झाल्या. शेठ म्हणतात, तुला काम येत नाही. सोमवारपासून रणात दुसरा मिस्त्री येईल, मी दुकानात बसणार.”

रूडीच्या खोडीपायी त्याच्या हुन्नराला बट्टा लागला होता. गप्प राहावं तर तो जाणार, बोलावं तर अब्रू जाणार. बापा दहा पावलांवर बसले होते.

तिने मीटर उचलला. लाल तार दहाच्या भोकात, सुया टोकांना. आठ. मग खांद्यावरची ओढणी काढून तिने पॅनेलच्या तळाशी पसरली. तीन.

“बिघाड पॅनेलमध्ये नव्हता,” ती बापांनाही ऐकू जाईल अशी म्हणाली. “माझ्यात होता. तू यावंस म्हणून मी...”

देवशीने ओढणी उचलली. काचेवर तिच्या काठाची पांढरी खारी नक्षी उमटली होती.

“दुसऱ्या खेपेलाच ही दिसली होती मला. दर वेळी गुपचूप पुसली.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर बोलावलं असतंस पुन्हा?”

बापा खाकरले. त्यांनी आधी रूडीला चार शब्द सुनावले, बिचाऱ्या पॅनेलला महिनाभर शिव्या घातल्या म्हणून. मग फोन लावून शेठला सगळं खरं सांगितलं आणि शेवटी देवशीला विचारलं, “घरात वडीलधारं कोण आहे तुझ्या? त्यांना रविवारी घेऊन ये.”

रविवारी दुपारी पंप जोरात चालू होता. तक्रार कसलीच नव्हती. ओढणी डोक्यावर होती, मन ठिकाणावर नव्हतं. आला नाही तर?... रूडीने आरसा घेतला आणि मृगजळावर एक कवडसा सोडला.

बराच वेळ नुसतंच ऊन हलत राहिलं. मग दूर, मोटारसायकलच्या आरशातून, दोनदा चमकलं.