पाय दिसले पाहिजेत

एकनाथची नि माझी ओळख भांडणातूनच झाली. पिरंगुटच्या कारखान्यात आठ तास उभ्यानं खोकी भरून मी पौडला घरी निघाले होते. वाटेत बस बंद पडली, म्हणून रस्त्याकडेला उभी होते. तिथंच हा कुणाचं तरी लग्नाआधीचं शूटिंग करत होता. नवरी झकास नाचत होती आणि हा कॅमेरा फिरवत होता झाडांवर!

"अहो, बाई नाचतीया आनि तुमी पानं काय दाखवताय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग तुमीच सांगा की, नाचाची चांगली फिल्म कशी असती?"

"पाय दिसाया पायजेत. कापाकापी नको. आनि बाई दमली तर दमलेली बी दिसली पायजे."

तो हसला… आणि दिवसभराचा शीण असूनही मला ते हसणं आवडलं.

मी लहानपणापासून नाचायचे. पुढं नाशिकच्या एका नृत्यशाळेनं प्रवेशासाठी नाचाची चार मिनिटांची, एका दमात घेतलेली फिल्म मागवली, तेव्हा मी त्यालाच गाठलं. निवड झाली तर दोन वर्षं राहणं-शिकणं फुकट. नाहीतर जन्मभर खोकी. तोवर 'तुमी'चं 'तू' होऊन गेलं होतं.

शेवटच्या रविवारी, भुकूमला त्याच्या घरामागच्या खळ्यात, मी सहाव्यांदा नाचले. संध्याकाळी सहाच्या आत फिल्म जायला हवी होती. पोटऱ्यांचा दगड झाला होता, घुंगरांनी घोटे सोलले होते. स्क्रीनवर पाहिलं तर — पुन्हा तेच! सुरुवातीला पाय, मग कंबर, आणि शेवटी नुसता माझा चेहरा.

"एकनाथ, माजं पाय कुटं हायेत?"

तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

"एकदा चुकलं, दोनदा चुकलं… सहा येळा? मी जाऊ नये म्हणून करतोयस व्हय?"

"न्हाई गं…" त्यानं मान खाली घातली. "पायांवरच धरतो मी. मग तू वर बघतीस… आनि हात आपसूक तिकडं जातो. लई आवडतीस मला. झालं?"

रागवायला अंगात त्राण नव्हतं. खरं तर राग उरलाच नव्हता. रडू येत होतं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपावंसं वाटत होतं. पण साडेपाच वाजून गेले होते.

"अजून एकदा," मी म्हटलं.

सातव्यांदा कॅमेरा जागचा हलला नाही. शेवटच्या गिरकीत माझा तोल गेला, सावरले, नाच पुरा केला. फिल्ममध्ये मी डोक्यापासून पायापर्यंत दिसत होते, घामानं निथळणारी. त्यानंच ती पाठवली.

"लई चांगली झालीया," तो हळूच म्हणाला. "आता तू जानार."

हे त्याला आधीच ठाऊक होतं… आणि तरी त्यानं हात हलू दिला नव्हता.

"मलाबी आवडतोस तू," मी सांगून टाकलं. "निवड झालीच, तर महिन्यातनं एक रविवार नाशिकला यायचं. पण कॅमेरा घरी ठिवून."

"मग तितं करू काय?"

"समोर बसायचं. आनि माज्या चेहऱ्याकडं बघायचं… पोटभर."