फिल्टरमधले केस

आमच्या घरामागच्या तलावात फक्त ताई उतरते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा सगळा राग त्यातूनच आला आहे.

ताई माझ्याहून मोठी. शाळेत खेळ शिकवायची. तिची शिट्टी वाजली की अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं. अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची डावी बाजू लुळी पडली. पाण्यात चालायचा व्यायाम द्या, पण पाणी अगदी स्वच्छ हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. आधीच्या मालकाने बांधून कोरडाच टाकून दिलेला हा पोहण्याचा तलाव मी मग दुरुस्त करून घेतला. मला पोहता येत नाही. ताई कठड्याला धरून चालते आणि मी काठावर खुर्ची टाकून बसतो.

फिल्टर मीच साफ करतो. पंप बंद करायचा, टाकीवरची कळ फिरवून हवा सोडायची, झाकणाचा पट्टा सैल करायचा, आतलं कापडी घड्यांचं नळकांडं उचलून काढायचं आणि नळाच्या धारेखाली एकेक घडी उलगडून धुवायची. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. नोकरीभर मी दुकानांतली वजनंमापं तपासली. स्वच्छ काम आणि खरं माप, एवढंच मला कळतं.

सुरुवातीला घड्यांत नुसती पानं आणि धूळ यायची. मग केस यायला लागले.

लांब काळे केस, पांढरे केस, लहान मुलाचे असावेत तसे मऊ कुरळे केस. ताईचे केस आजारपणात कापले, ते अजून कानाखाली उतरलेले नाहीत. माझ्या डोक्यावर तर मोजून दाखवावेत इतकेच. त्या केसांत बोटाला लावायची पट्टीही निघाली, आणि सगळ्यावर माणसांच्या अंगाचा असतो तसा तेलकट चिकटा.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक आजारी बाई जीव मुठीत धरून ज्या पाण्यात उतरते, त्यात कुणीतरी आमच्या पाठीमागे डुंबतंय! शेजारच्या वकिलांकडे नातवंडांचा गोतावळा होता. मी तडक त्यांच्या दारात गेलो.

"आमची मुलं तुमच्या डबक्यात? पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

मी फडक्यात गुंडाळलेले केस त्यांच्यासमोर धरले. ते एक पाऊल मागे सरकले, आणि दार माझ्या तोंडावर आपटलं.

मी फाटकाला कुलूप घातलं. तलावावर जाड आच्छादन ताणून कडेने बांधलं. ताई उतरायच्या वेळीच ते काढायचो. तरीही केस वाढतच गेले. शेवटी पंपवाल्याला बोलावलं. त्याने नळकांडं उजेडात धरलं आणि डोळा बारीक केला.

"साहेब, तलाव भाड्याने देता का लोकांना?"

"एकटी माझी बहीण उतरते यात!"

"मग बहिणीला विचारा," तो म्हणाला. नवं नळकांडं बसवून तो घाईघाईने निघाला. हात धुवायला दाखवलेल्या तलावाकाठच्या नळाकडेही फिरकला नाही.

ताईला हा सगळा तमाशा वाटत होता. "केसांवरून भांडणं बायका करतात म्हणे," ती हसून म्हणाली. "अरे, पाणी चांगलं आहे. मला बरं वाटतंय त्यात." आणि खरंच, तिचा पाय आता बराच उचलला जात होता. डॉक्टरही चकित झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, मी खुर्ची फिल्टरच्या टाकीजवळ ओढली. ताई उतरेपर्यंत दाबाचा काटा खाली शांत होता. ती पाण्यात शिरली आणि काटा चढायला लागला. कालच बसवलेला, नवाकोरा फिल्टर माझ्या डोळ्यांदेखत तुंबत होता.

मी पंप बंद केला.

आवाज थांबला. पाणी काठच्या फरशीपर्यंत आलं होतं. सकाळी मी पाहिलं होतं, ते चांगलं चार बोटं खाली होतं. एक माणूस उतरल्याने एवढ्या तलावाचं पाणी नखभरही हलत नाही. माप मला कळतं.

"ताई, बाहेर ये."

"इतक्यात?"

"आत्ता ये!"

ती कठडा धरून पायऱ्या चढली. पाणी होतं तिथेच राहिलं.

मग ते उतरलं. एकदम नाही. थोडं. थांबून, आणखी थोडं. एकामागून एक कुणी बाहेर पडावं तसं.

ताईची ओली पावलं सोडली तर काठावर कुणाचंच पाऊल उमटलेलं नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. ना ओळख, ना विचारणं, आणि ते पण आजारी बाईच्या पाण्यात! "चालते व्हा!" मी ओरडलो. "माझं घर आहे हे! धर्मशाळा नाही!"

"कुणावर ओरडतोस रे?" ताईने विचारलं. पण तिने इकडेतिकडे पाहिलं नाही.

मी तळाची झडप उघडली. ताई कपडे बदलून आली आणि काठी टेकून काठावर उभी राहिली. "नको करूस," ती म्हणाली. तिला असं विनवताना मी कधी ऐकलं नव्हतं. पण मी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत तळाची निळी फरशी उघडी पडली. खाली काही नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

"चल आत," मी म्हणालो आणि पुढे होऊन मागचं दार उघडलं.

ताई सावकाश आली, पायऱ्या चढली, माझ्यासमोरून आत गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काठी तलावाकाठीच पडली आहे. तिचा डावा कोपर अंगापासून जरासा दूर होता, कुणी खालून आधार दिल्यावर असतो तसा. तिथली बाही ओली होती. ओल बोटांच्या आकाराची होती.

मी दार ओढून घ्यायला लागलो.

"थांब जरा," ताई मागे न बघता म्हणाली. "इतक्यात नको लावूस."