भंडाऱ्यातली मेख

"उचल, कुमार! बिरोबाचा भंडारा उचल आन सांग समद्यांम्होरं, ते बटण तू अडकवलं न्हाईस म्हणून!"

हळदीच्या भंडाऱ्यानं काठोकाठ भरलेली पितळी वाटी बनाबाईनं धाकट्या लेकासमोर धरली, तेव्हा बाळे वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांचे श्वास जागच्या जागी थांबले. कुमारच्या उजव्या हाताला आता अंगठा तेवढा उरला होता. बाकीची चार बोटं आठ महिन्यांपूर्वी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली होती. तो थोटा हात त्यानं मांडीआड दडवला, डावा पुढे केला, वाटीपाशी नेला... आणि तसाच मागे घेतला!

"न्हाय उचलत, आये."

"मंजी? कंपनी म्हणती त्येच खरं व्हय रं?"

"मला काय ईचारू नगंस."

धनगराच्या घरात भंडारा उचलून शपथ घ्यायला नकार देणं म्हणजे गुन्हा कबूल करणंच की! बनाबाईचा चेहरा उतरला. तिनं वाटी देवापुढे ठेवली आणि लेकाकडे पाठ करून बसली. कुमारची बायको पूनम, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली पोर, पदर तोंडात कोंबून मोरीकडे पळाली. आणि दारात उभा असलेला थोरला बिभीषण नुसता आपल्या बुटांकडे बघत राहिला... कारण ते बटण कुणी अडकवलं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्यानं स्वतः अडकवलं होतं!

बिभीषण त्याच कारखान्यात प्रेस विभागाचा सुपरवायझर. धाकट्या भावाला हाताला धरून त्यानंच तिथं चिकटवलं होतं. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे लोखंडी साचा खाली येताना माणसाचा एकही हात आत नसतो. पण मार्चअखेरीला माल पाठवायची घाई झाली, साहेबांचा फोनवर फोन येऊ लागला, आणि दोन्ही हात बटणांत गुंतले की माल निघतो सावकाश... तेव्हा बिभीषणनं बाभळीची एक मेख तासली आणि उजव्या बटणात ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं. भावाचा उजवा हात मोकळा झाला, माल भराभर निघू लागला, साहेब खूश झाले, आणि अकराव्या दिवशी तो मोकळा हातच साच्यात सापडला.

मेख तासायला त्याला बापानं, बिरप्पानं शिकवलं होतं. मेंढरं रानात बसवताना त्यांच्याभोवती जाळं ताणायचं, त्याला वाघर म्हणतात. ते जाळं रोवायच्या ह्या मेखा. डोक्याशी दोन आडव्या खाचा, दोर निसटू नये म्हणून. बिरप्पा गेल्यावर सांगोल्याकडच्या त्यांच्या वस्तीत तशी दोन खाचांची मेख तासणारा एकटा बिभीषणच उरला होता. बापाची विद्या लेकानं कुठं वापरली बघा!

कुमार ऑपरेशन थिएटरात होता तेव्हा मॅनेजर साहेबांनी बिभीषणला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला होता. "तुझं नाव आलं तर केस तुझ्यावर होईल. ऑपरेटरनंच बटण अडकवलं असं लिही. तुझी नोकरी राहील, आणि त्यालाही आपण माणुसकीनं काहीतरी देऊच." बिभीषणच्या डोळ्यांपुढे नर्सिंगला शिकणारी लेक राजनंदिनी आली, तिची फी आली, घरातली पाच तोंडं आली... आणि त्यानं सही केली. मग तीन दिवस त्यानं भंगाराचे ढीग उपसले, पण बटणातून गायब झालेली ती मेख काही सापडली नाही. दवाखान्यात कुमार शुद्धीवर आल्यावर बिभीषणनं विचारलं होतं, "कसं झालं, काय आठवतंय का रं?" कुमारनं छताकडे बघत उत्तर दिलं होतं, "न्हाय, आप्पा." त्या एका शब्दाच्या आधारावर बिभीषणनं आठ महिने काढले! धक्क्यानं विसरला असेल, अशी तो मनाची समजूत घालत राहिला. आणि घरात काय? तर बनाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माझा बिभीषण हाय म्हणून चूल पेटतीया," आणि तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकायची. ती भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरत असेल, ते त्याचं त्यालाच माहीत.

भंडाऱ्याची गोष्ट निघाली ती वकीलबाईंमुळे. सात रस्ता चौकाजवळच्या कचेरीत उत्कर्षाताईंनी आदल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून कायदा समजावून सांगितला होता.

"कायद्यात तक्ताच आहे, आजी. अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची चार बोटं गेली तर पन्नास टक्के. पगार बावीस हजार असला तरी हिशेबाला पंधराच धरतात. त्याचे साठ टक्के काढायचे, वयाच्या आकड्यानं गुणायचं आणि येईल त्याचे पन्नास टक्के घ्यायचे. माणूस तरणा असेल तेवढा तो आकडा मोठा. कुमार सव्वीसचे, म्हणजे नऊ लाख अडुसष्ट हजारांच्या वर जातात."

बनाबाईनं आपली खडबडीत बोटं एकेक करून मोजली. मग म्हणाली, "आन कातरीचं वं, ताई? मेंढरं कातरायला ह्याच्यावानी हात आमच्या भागात न्हवता. पात्याचा ओरखडा म्हणून उठायचा न्हाय कुटं. त्येचं काय लिवलंय तक्त्यात?"

उत्कर्षाताईंनी तक्त्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. तक्त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"पण अडचण वेगळीच आहे," त्या म्हणाल्या. "कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेची सोय निकामी केली असं ठरलं, तर कंपनी जबाबदार राहत नाही. कंपनीच्या अपघात अहवालात नेमकं तेच लिहिलंय. म्हणूनच ते पावणेतीन लाखांवर मिटवा म्हणतायत. तडजोड एकदा नोंदली गेली, की पुढची वाट जवळजवळ बंदच समजा."

अहवालाखालची सही थोरल्या लेकाची, हे बनाबाईला कळलं ते तेव्हा. "बिभीषण खोटं लिवायचा न्हाय," ती ठामपणे म्हणाली होती... आणि थोरला खरा म्हणजे धाकटा खोटा, हा सरळ हिशेब त्या माउलीचं काळीज पोखरू लागला. म्हणून ती वाटी, म्हणून तो भंडारा. आणि कुमारनं हात मागे घेतल्यावर तर बोलायला काही उरलंच नाही! "तडजोड करून टाकू," एवढंच तो म्हणाला. चार दिवसांनी न्यायालयात तारीख होती.

तारखेच्या सकाळी पूनमनं कुमारच्या सदऱ्याची बटणं लावून दिली. बिभीषणही निघाला, कारण कंपनीतर्फे साक्षीदाराची सही त्यालाच करायची होती.

"दोघांच्या कपाळाला भंडारा लावती," बनाबाई म्हणाली. "वाटीतला त्या दिशीच देवाला वाहिला. पिशवीतला काढून दे, बिभीषण."

देवापुढे खुंटीला लोकरीची जुनी पिशवी टांगलेली होती. आठ महिन्यांत बिभीषणनं तिला हात लावला नव्हता. लावायची हिंमतच झाली नव्हती. आईसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं पिशवीत हात घातला. मऊ भुकटीत बोटं रुतली, खोल गेली... आणि तळाशी काहीतरी टणक लागलं. लाकूड. डोक्याशी एक खाच... दुसरी खाच!

त्यानं ती हळूच वर ओढली. पिवळ्या भंडाऱ्यात माखलेली ती त्याचीच मेख होती, आणि एका कडेला हळदीलाही झाकता न आलेला काळपट लाल डाग होता. म्हणजे कुमार काहीच विसरला नव्हता! चार बोटं साच्यात चिरडलेली असताना, रक्ताच्या धारा लागलेल्या असताना, माणसं धावत यायच्या आधी ह्या पोरानं डाव्या हातानं मेख उपसली होती, खिशात दडवली होती... आणि नंतर कधीतरी गुपचूप देवाच्या हवाली केली होती. कशासाठी? थोरल्या भावाचं नाव येऊ नये, एवढ्याचसाठी! आणि तो थोरला भाऊ? तो त्याच दिवशी केबिनमध्ये बसून सही करत होता!

"काय झालं रं?" बनाबाईनं विचारलं.

"काय न्हाय, आये." त्यानं मेख मुठीत लपवून खिशात टाकली. आईनं दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. बिभीषणच्या कपाळाला त्याचे चटके बसले.

कामगार न्यायालयात भरपाईची प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधीशबाईंनी तडजोडीचा कागद दोनदा वाचला. मग चष्म्यावरून कुमारकडे पाहिलं.

"चार बोटं गेली आहेत. कायद्यानं याच्या तिपटीहून जास्त मिळू शकतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

"व्हय, म्याडम. वकीलबाईंनी सांगितलंय."

"मग एवढ्यावर का मिटवताय? कुणाचा दबाव आहे का?"

कुमारनं खाली बघितलं. "न्हाय, म्याडम. चूक माझीच हाय. बटण मीच अडकवलं हुतं."

भंडाऱ्यावर ज्यानं खरं सांगायचंही टाळलं होतं, तो भाऊ इथं भावासाठी धडधडीत खोटं बोलला... बिभीषणचा हात खिशातल्या मेखेवर गेला. लेकीची फी, नोकरी, साहेबांची शेजारून रोखलेली नजर, सगळं त्याला दिसत होतं. तरी तो उठला.

"खोटं हाय त्ये, म्याडम!" त्यानं मेख टेबलावर ठेवली. हिरव्या कापडावर भंडारा सांडला. "ही मेख माझी हाय. माझ्या हातानं तासलीया, माझ्या हातानं ठोकलीया. अहवालात मी खोटं लिवलं, सही बी माझीच. ह्या पोराचा काडीचा दोष न्हाय. मला जी शिक्षा हुईल ती हुंद्या, पर ह्याच्या बोटांचं मोल कमी करू नगासा!"

कंपनीचे वकील ताडकन उभे राहिले, साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, उत्कर्षाताई कागद पुढे ओढून भराभर लिहू लागल्या. न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. "ही तडजोड मी नोंदवून घेणार नाही. यांचा जबाब शपथेवर घेऊ."

पुढे निकालाला पाच महिने लागले आणि तक्त्यातले पन्नास टक्के व्याजासकट मिळाले. बिभीषणची नोकरी तर त्याच आठवड्यात गेली, पोलिसांची चौकशी मागं लागली ती लागलीच, आणि तो सात रस्त्यावरच्या एका दुकानात माल उचलायला जाऊ लागला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दोघं भाऊ न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली बसले होते.

"का गप बसलास रं एवढं दिस?" बिभीषणनं विचारलं. "आयेनं तुला खोटा मानला, तरी बी?"

"मेख ठोकताना तू मला ईचारलं हुतंस, आप्पा. 'चालंल न्हवं, कुमार?' आन मी व्हय म्हनलो हुतो. मग भंडारा कुटल्या तोंडानं उचलू? माझा बी दोष हायच की."

बिभीषणनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अरं, सुपरवायझर ईचारतोय, त्यात थोरला भाऊ ईचारतोय... तू न्हाय म्हणू शकला असतास व्हय रं? त्ये ईचारणं न्हवतंच, कुमार! न्हवतंच त्ये ईचारणं!"

कुमारनं तो थोटा हात पहिल्यांदाच न लपवता गुडघ्यावर ठेवला.

घरी आल्यावर बिभीषण उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. "वाटी आण, आये," तो म्हणाला. "त्या दिशी चुकीच्या लेकाला भंडारा उचलाया सांगितलंस." आणि मुठीत भंडारा घेऊन त्यानं सगळं सांगितलं, मेख, सही, साहेब, भंगाराचे ढीग... एक अक्षर गाळलं नाही. आत पूनम रडत होती. बनाबाईनं मारायला हात उगारला. पण तो हवेतच थांबवून खाली घेतला.

"बोटं गेली तवा मी रडून घेतलं, बिभीषण," ती म्हणाली. "पर ह्या गुणी लेकराला मी खोटा समजले! पाठ केली त्येच्याकडं! त्येचं टक्कं कुटल्या तक्त्यात बघू रं मी?"

ती कुमारपाशी गेली आणि त्याचा थोटा हात कुशीत धरून लहान मुलासारखी हुंदके देत राहिली. बिभीषण बाहेरच बसून होता. आत यायचा आपल्याला काय अधिकार, अशा नजरेनं तो उंबऱ्याकडे बघत होता.

थोड्या वेळानं कुमारनं आईच्या कुशीतून हात सोडवला. वाटीत अंगठा बुडवून तो दाराशी आला आणि भावासमोर वाकला. वकीलबाईंच्या तक्त्यात ज्याची किंमत तीस टक्के लिहिली होती, तो थोट्या हाताचा एकुलता एक अंगठा बिभीषणच्या कपाळावर टेकला... आणि आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा बिभीषण मान वर करून रडला.

"ऊठ, आप्पा. जेवाया चल."

त्या दिवशी बनाबाईनं तव्यावरची पहिली भाकरी कुमारच्या ताटात टाकली. त्यानं ती अंगठ्याखाली दाबून धरली, डाव्या हातानं मोडली आणि अर्धी भावाच्या ताटात सरकवली.